सुडाच्या हिंदी सिनेमातली मारामारी: शिवारात, थोड्या पैशात, हातपाय शाबूत ठेवून

कमी पैशाच्या ॲक्शन फिल्ममधली मारामारी मारणाऱ्यामुळे क्वचितच फसते. हात जोरात फिरवायला हिरोला कुणी शिकवावं लागत नाही. फसते ती मार खाणाऱ्यामुळे. ठोसा नाकासमोरून निघून गेला आणि मान अर्ध्या सेकंदाने वळली, की बघणारे हसलेच. म्हणून खलनायकाचे दोन गडी निवडताना दंड बघू नका, ज्याला नीट पडता येतं तो घ्या. कबड्डी, कुस्ती खेळलेली पोरं गावोगाव सापडतात. त्यांना पडायची भीती नसते, कारण पडायची सवय असते.

इथे हिशोब धरलाय तो असा: मराठवाड्यात काढायची वीस मिनिटांची हिंदी शॉर्टफिल्म, त्यात दोन-अडीच मिनिटांची एकच मोठी मारामारी, सात-आठ जणांचं युनिट, एक मिररलेस कॅमेरा किंवा बरा फोन, आणि मारामारीच्या शूटिंगचे दोन दिवस. अडीच मिनिटांच्या मारामारीला चाळीस ते पन्नास शॉट लागतात. एका दिवसात पंचवीसच्या वर शॉट ओढायला गेलात तर दुपारनंतर माणसं दमतात, आणि इजा दमल्यावरच होते.

सूड कशाचा, हे आधी

हिंदी फिल्म म्हटली की बाप मेला, बहीण पळवली, गोदामात वीस गुंड, अशी गाडी सुरू होते. वीस गुंडांना वीस जेवणं लागतात आणि वीस जणांना फाइट शिकवावी लागते. तीन विरोधक पुरे. कारण मात्र इथल्या मातीतलं घ्या: बांध, विहिरीतला हिस्सा, वाळूचा ट्रॅक्टर, ऊसतोडीची उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम).

शेवटचं घेऊ. ऊसतोडीच्या हिशोबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाने उचल दिलीय, उसाच्या फडात बायको मेली, नायक आता अर्धा कोयता आहे आणि उचल मात्र अख्ख्या कोयत्याची अंगावर आहे. सिनेमाचं कारण, हत्यार आणि नाव तिन्ही एका शब्दात आले. अशी एखादी वस्तू किंवा शब्द सुरुवातीला पेरला की मारामारीत संवाद कमी लागतात.

संवाद हिंदीत आहेत म्हणून मुंबईची टपोरी भाषा आणू नका. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि इथल्या बाजारपेठांत दखनी वळणाची हिंदी अजून रोज बोलली जाते. हौ, नक्को, मेरेकू, तेरेकू, कायकू, बोलरा, जारा. नटाला ती तोंडपाठ करावी लागत नाही, घरच्यासारखी येते. मुकादम म्हणतो, "तेरेकू उचल दी थी, जान नै." नायक म्हणतो, "हौ. वोइच लौटाने आया." एवढं बोलून झालं की पुढचे चाळीस सेकंद कुणीही बोलू नये. हाणताना बोलणारा माणूस पडद्यावर दमलेला वाटतो, शिवाय त्याचं डबिंग जुळवताना एडिटरचा जीव जातो.

जागा बघताना

जागा पसंत करायला अनवाणी नाही, पण पातळ तळव्याची चप्पल घालून जा. वावर दिसायला मोकळं दिसतं. त्यात काय रुतलंय ते पायालाच कळतं. तूर काढलेल्या रानात धसकटं तिरपी कापलेली असतात आणि बुटाच्या तळव्यातून आरपार जातात. पऱ्हाट्या उपटलेल्या रानातही खुंट राहतात. ज्वारीची धसकटं जरा मऊ, पण पाठीवर पडणाऱ्याला तीही पुरेशी. पडापडीचा शॉट जिथे आहे तिथलं पंधरा बाय पंधरा फुटांचं रान आदल्या दिवशी कुळवून घ्या, हाताने वेचा, आणि चारी कोपऱ्यांना खुणा करा. त्या चौकोनाबाहेर कुणी पडायचं नाही.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. भेगा क्लोजमध्ये सुंदर दिसतात, पण धावताना घोटा आत जातो. धावण्याची वाट वेगळी, भेगांचा शॉट वेगळा घ्या. पाऊस पडून गेल्यावर ही माती बुटाला किलो-किलोने चिकटते, तेव्हा पायाची मारामारी विसरा.

खदान दिसायला झकास असते. पण तळाला पाणी असेल किंवा कडा ढासळलेल्या असतील तर तिकडे फिरकू नका. विहिरीच्या काठावर झटापट दाखवायची असेल तर ती सपाट जमिनीवर ओट्याचा भास करून घ्या आणि विहिरीचा शॉट रिकामा, वेगळा काढा. दोन्ही जोडले की काम होतं. कापसाच्या जिनिंगमध्ये सुट्या कापसाच्या ढिगावर उडी टाकायचा मोह होतो. तिथे ठिणगीची भीती आणि तंतूंची धूळ, दोन्ही आहेत. आणि बांधलेली गाठ दिसते मऊ, पण ती दाबून जवळपास १७० किलोची केलेली असते. त्यावर पडणं म्हणजे भिंतीवर पडणं.

आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) किंवा फडात शूटिंग असेल तर कडब्याच्या गंजीत, पाचटात आधी काठीने ठोकून घ्या. साप निघून जाऊ द्या, मग माणसं. उसाच्या पानाची कड कातडी कापते. फडात पळणाऱ्याला पूर्ण बाह्यांचा शर्ट द्या आणि त्याचं कारण कथेत शोधू नका, ऊसतोड करणारे घालतातच.

मे महिन्यात चाळिशीपार ऊन असतं. महिन्याच्या मध्यात दुपारी सूर्य मराठवाड्यात अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. नटाचा राग डोळ्यांत असतो, तोच दिसत नाही. सकाळी सात ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेचार ते सात, एवढंच काम करा. सकाळी कॅमेरा पूर्वेकडे, संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून ठेवा: सूर्य नटांच्या पाठीमागे राहतो, उडालेली धूळ उजळते, आणि चेहऱ्यावर पुढून थर्माकोलच्या शीटने उजेड फेकता येतो. शॉटची यादी कथेच्या क्रमाने लावू नका, कॅमेऱ्याच्या दिशेने लावा.

धुळीसाठी मुलतानी माती, बारीक चाळून. शर्टाच्या आतून छातीवर, खांद्यावर चमचाभर थापली की ठोशाबरोबर ढग उठतो. सिमेंट किंवा चुना कधीही नाही, डोळे जातील. पावसाचा सीन असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: ज्या गावात पाण्याचा टँकर प्यायला येतो, तिथे टँकरने पाऊस पाडू नका. शेवटी गाव तुम्हाला शूटिंग करू देतंय.

ठोसा

अंतर मोजायला टेप नको. मारणाऱ्याने हात पूर्ण ताणायचा, मुठीच्या पुढे एक वीत सोडायची, तिथे समोरच्याचा चेहरा. हे अंतर पडद्यावर दिसू नये हे कॅमेऱ्याचं काम, आणि ते तेव्हाच जमतं जेव्हा कॅमेरा, मूठ आणि चेहरा साधारण एका रेषेत असतात. म्हणजे कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्यामागे किंवा मार खाणाऱ्याच्या खांद्यामागे. दोघांना बाजूने, प्रोफाइलमध्ये धरलं की ती वीत उघडी पडते. नव्या युनिटची सगळ्यात मोठी चूक हीच: दोघं छान दिसतात म्हणून कॅमेरा बाजूला लावतात.

आडवा, फिरवून मारलेला ठोसा सगळ्यात सोपा. मूठ फ्रेममध्ये एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाते आणि चेहऱ्यावरून ओलांडल्यासारखी दिसते. सरळ ठोसा अवघड; तो खाणाऱ्याच्या डोक्यामागून घ्या आणि मूठ चेहऱ्याआधी थांबवा. पोटातला ठोसा बाजूनेच घ्यावा लागतो, पण कॅमेऱ्याकडच्या हाताने मारू नका. पलीकडच्या हाताने मारा, म्हणजे शरीर झाकतं. लाथ पोटावर खरी टेकवली तरी चालते, शर्टाखाली फोमची पट्टी आणि तळवा सपाट ठेवून, मारायची नाही तर ढकलायची.

आता मार खाणारा. क्रम असा: नजरेला नजर, ठोसा निघतो, मूठ नाकाच्या रेषेवर आली की मान त्याच दिशेने झटकते, मग खांदा, मग कंबर, मग पाय. मान आणि पाय एकदम गेले तर ढकलल्यासारखं दिसतं. मूठ पोचण्याआधी मान गेली तर नट घाबरलाय असं दिसतं, आणि हेच सगळ्यात जास्त वेळा होतं. यावर उपाय: आधी ठोसा न मारता फक्त टाळी वाजवून वीस वेळा मान झटकायचा सराव. टाळीवर मान. नंतर टाळी काढून मूठ आणा. आणि नजरेला नजर मिळाल्याशिवाय मारणाऱ्याने हात उचलायचा नाही. ते दिसतं रागाचं, पण असतं "तयार आहेस का" विचारणं.

केस ओढण्याच्या शॉटमध्ये मारणाऱ्याची मूठ बंद, केसांवर नुसती टेकलेली. मार खाणारा दोन्ही हातांनी ते मनगट स्वतःच्या डोक्याशी दाबून धरतो आणि स्वतःच हलतो. गळा दाबताना बोटं गळपट्टीच्या हाडावर, मधली पोकळी मोकळी. दोन्ही शॉटमध्ये सूत्रं मार खाणाऱ्याच्या हाती असतात. हे त्यालाही सांगून ठेवा, नाहीतर तो उगाच सोसत राहतो.

सहा हालचालींचा एक तुकडा बघा. आखाड्याच्या ओसरीपुढे नायक उभा, मुकादमाचा गडी काठी घेऊन येतो. एक: गडी बाजूने, खांद्याच्या खाली काठी हाणतो, नायक दोन्ही हातांनी स्वतःची काठी उभी धरून अडवतो. दोन: नायक पलीकडच्या हाताने पोटात. तीन: गडी वाकतो, त्याची काठी सुटते. चार: गडी वाकल्या जागेवरून कमरेला मिठी मारून नायकाला मागे रेटतो, चार पावलं, मोजून. पाच: नायकाची पाठ खांबाला लागते, इथे नायकाची रिअॅक्शन, गड्याची नाही. सहा: नायकाला खांबाला टांगलेली घुंगरांची माळ दिसते, आणि तो थांबतो. ही माळ त्याच्या बायकोने पोळ्याला बैलाला घातली होती, आपण ती दुसऱ्या मिनिटाला पाहिलेली आहे. या थांबण्यावर दोन पूर्ण सेकंद खर्च करा. एडिटर कापायला जाईल, कापू देऊ नका. पाच हालचाली नुसत्या मारामारीच्या आणि सहावी सिनेमाची, असं प्रमाण साधलं तर अडीच मिनिटं भरपूर होतात.

सराव किमान चार संध्याकाळी, शूटिंगच्या जागेवर, शूटिंगच्या बुटांत. पहिल्या दिवशी पाव वेगाने, मोजत. मग अर्ध्या. कॅमेऱ्यासमोर पाऊण. पूर्ण वेग कधीच नाही. उरलेला वेग कॅमेरा आणि आवाज भरून काढतात. सगळ्या हालचालींना आकडे द्या आणि एकच माणूस मोठ्याने मोजेल असं ठरवा. थांबायचा शब्द संवादात नसलेला हवा. खलनायक "रुक" ओरडणार असेल तर थांबायला "रुक" चालणार नाही. "कट" हा शब्द कुणीही, चहावाल्यानेही ओरडला तरी सगळं जागच्या जागी थांबलं पाहिजे.

पडताना हात मागे टेकवून पडणारा मनगट मोडून घेतो. हनुवटी छातीला, गुडघे वाकवून आधी ढुंगण, मग पाठ गोल, आणि हात बाजूला सपाट आपटायचे. पँटच्या आत व्हॉलीबॉलचे गुडघेपॅड. उंचावरून पडायचं असेल तर तीन-चार फुटांपर्यंतच, आणि खाली फळांचे रिकामे पुठ्ठ्याचे खोके उभे, उघडे, दोरीने एकत्र बांधून दोन थर, वर गादी. खोके चिकटपट्टीने बंद केले तर हवा अडकते आणि माणूस उसळतो. त्याहून उंच काही असेल तर अनुभवी फाइट मास्टर आणि स्टंटमन बोलवा, किंवा स्क्रिप्टमधून काढून टाका. काढून टाकणंच बरं.

१०८ ला फोन लागतो का, त्या जागी रेंज आहे का, हे आदल्या दिवशी तपासा. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किती किलोमीटरवर, गाडी कुणाची, चालवणार कोण, तेही. प्यायला एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून मोठी घागर भरून ठेवा.

काठी, कोयता, पिस्तूल

सेटवर खरा कोयता आणू नका, बोथट केलेलाही नाही. जाड फोम शीट कापून वर चंदेरी रंग, धारेवर किंचित राखाडी, मुठीला खऱ्या कोयत्याची जुनी लाकडी मूठ बसवली की हाताच्या अंतरावरूनही कळत नाही. एखाद्या क्लोजअपला लोखंड चमकायला हवं असेल तर खरा कोयता एकटा, कुणाच्याही हातात नसताना, जमिनीवर शूट करा आणि लगेच कुलपात ठेवा. कोयते घेऊन फिरणाऱ्यांवर पोलीस कारवाई करतात. तुमच्या हातातला फोमचा आहे हे रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीला कळायचा मार्ग नसतो. खोट्या पिस्तुलाचंही तेच. गाडीतून नेताना पिशवीत, दिसेल असं नाही.

लढायची काठी म्हणजे बारीक वेत, त्यावर एसीच्या पाइपला घालतात ती काळी फोमची नळी, वर कापडी टेप, मातकट रंग. जुना वेळू वापरलात तर त्याचे कूस निघतात, ते हातात जातात. काठी खांद्याच्या वर फिरवायची नाही, आणि नेम नेहमी शरीराच्या एक वीत बाहेर.

गोळी लागल्याचं दाखवायला फटाका, बारूद काही लावू नका. ५० मिलीची सिरिंज, सलाईनची दीड-दोन मीटर नळी आणि शर्ट. शर्टाला आतून ब्लेडने फुलीसारखा छेद द्या, कडा पॉलिश पेपरने घासून विसविशीत करा, नळीचं तोंड तिथे टेपने. कॅमेऱ्याबाहेरच्या माणसाने दांडा दाबला की डाग पसरतो. नळीत हवेचे बुडबुडे राहिले तर रक्त थुंकल्यासारखं उडतं. आधी नळी पूर्ण भरून घ्या. पिस्तुलाचा उजेड एडिटमध्ये एकाच फ्रेमला द्या, दोन फ्रेम झाल्या की खेळण्यातलं वाटतं.

रक्त

बीटचा रस कॅमेऱ्यात जांभळा येतो. कुंकू डोळ्यात गेलं तर शूटिंग बंद. बेकरीचं सामान मिळतं त्या दुकानातून लिक्विड ग्लुकोज आणा. प्रमाण: २५० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज, ५० ते ६० मिली कोमट पाणी, खाण्याचा लाल जेल रंग एक चहाचा चमचा, कोको पावडर एक चमचा, आणि निळ्या रंगाचा एकच थेंब. कोको आधी थोड्या पाण्यात कालवून मग घाला, नाहीतर गुठळ्या होतात आणि रक्तात भुसा पडल्यासारखा दिसतो. गुलाबी दिसलं तर कोको वाढवा, चिखल दिसला तर कोको जास्त झालाय. सिरिंजच्या नळीसाठी यात आणखी ३०-४० मिली पाणी. हे तोंडात गेलं तरी चालतं, डोळ्यात नको. कपडे पुन्हा वापरायचे असतील तर फक्त कपड्यावरच्या रक्तात भांड्याचं लिक्विड सोप चमचाभर मिसळा, डाग लवकर निघतो. ती बाटली वेगळी ठेवा आणि तिच्यावर "तोंडाला नाही" असं मोठ्या अक्षरांत लिहा.

शिवारात याचा त्रास एकच, गोड आहे. मुंग्या, माश्या, गांधीलमाश्या दहा मिनिटांत हजर. लावल्याबरोबर शॉट, शॉट झाला की ओल्या फडक्याने पुसणं. उन्हात ते पंधरा मिनिटांत कोरडं पडून तडकतं, म्हणून स्प्रेच्या बाटलीत पाणी हाताशी ठेवा. शिळं, सुकलेलं रक्त दाखवायचं असेल तर त्यातच कोको दुप्पट आणि चिमूटभर कॉफी.

शर्ट नायकाचे चार, प्रत्येक गड्याचे तीन, एकाच ठाण्याच्या कापडाचे. प्रत्येक शॉट संपला की फोनवर फोटो: डाग कुठे, बटण कोणतं तुटलं, घाम किती. दुसऱ्या दिवशी सकाळी डाग उजव्या बाहीवरून डाव्या बाहीवर जाणं, हा आपल्याकडचा सगळ्यात जुना चमत्कार.

कॅमेरा आणि जोडणी

सेकंदाला २४ फ्रेम, शटर १/५० सेकंद. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची आहे, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडीखाली १/५० किंवा १/१०० सोडून दुसरं शटर ठेवलं की पट्टे फिरतात. दिवसा मारामारीसाठी बरेच जण शटर १/२०० करतात, हालचाल कडक दिसते म्हणून. पण १/५० चा धूसरपणा तुमच्या त्या एका वितीला झाकतो, हे विसरू नका. सराव कच्चा असेल तर १/५०.

फोन असेल तर भर उन्हात, आयएसओ ५० आणि एफ १.८ धरून, १/५० ठेवायला एनडी ६४ फिल्टर (उजेड कमी करणारी काळी काच) लागेल. त्याशिवाय फोन आपोआप शटर पळवतो आणि चित्र तुटक येतं. ऊन चाळीसच्या वर गेलं की फोन तापून स्क्रीन मंद करतो, मग बंदच पडतो. छत्री धरा, शॉटमध्ये अंतर ठेवा. बर्फाच्या पिशवीवर ठेवू नका, आत दव धरतं.

लांब लेन्स, ८५ मिमीच्या आसपास, अंतर दाबते म्हणून ठोशासाठी. रुंद, २४ ते २८, कॅमेऱ्याकडे येणाऱ्या काठीसाठी. संपूर्ण मारामारीचा एक लांबचा मास्टर शॉट आधी घ्या, दोनदा. नंतर काही बिघडलं तर तोच वाचवतो. दोघांमधली काल्पनिक रेषा ओलांडू नका: नायक डावीकडून उजवीकडे बघतोय तर सगळ्या शॉटमध्ये तसाच. बदलायचं असेल तर हलत्या शॉटमधून किंवा मधल्या वस्तूच्या क्लोजवरून.

रात्रीच्या सीनला ट्रॅक्टरचा, जीपचा जुन्या बल्बचा हेडलाइट उत्तम. बॅटरीवर चालतो म्हणून लुकलुक नाही. इंजिन बंद ठेवलं तर आवाजही नाही, फक्त बॅटरी उतरायच्या आत शॉट घ्या.

एडिटला बसलं की पहिली खात्री आवाज बंद करून करा. कुणी कुणाला कुठे मारलं हे मुक्यानेच कळलं पाहिजे. कट हालचालीच्या मधोमध. ठोसा एका शॉटमध्ये निघतो, दुसऱ्यात पोचतो, आणि दोन्हींत दोन-तीन फ्रेमची हालचाल पुन्हा ठेवा, नाहीतर डोळ्याला उडी जाणवते. वेग हवा असेल तर एकशे आठ-दहा टक्के. त्यापुढे गेलात की मारामारी खरी राहते, पण खाली पडणारी धूळ घाईत दिसते आणि तीच चुगली करते.

आवाज

इथे कंजुषी झाली की वरची सगळी मेहनत पाण्यात. शूटिंगचा आवाज फक्त अंदाजासाठी. थ्री फेज आली की विहिरीवरच्या मोटारी सुरू होतात, आणि लग्नसराईत डीजे दोन किलोमीटरवरून ऐकू येतो. संवाद नंतर खोलीत, गाद्या-रजया टांगून डब करा.

एका ठोशाला तीन थर. धप्प: ज्वारीच्या भरल्या पोत्यावर मूठ. चापट: ओल्या टॉवेलची घडी चामड्याच्या पिशवीवर. कडाका: उसाचं कांडं मोडणं, हाडाला याच्याइतकं जवळचं काही नाही, ऊस नसेल तर कच्चं गाजर. काठीच्या सपकाऱ्यासाठी माइकपासून दोन फुटांवर बारीक वेत फिरवा. तिन्ही थर मान झटकायला लागते त्या फ्रेमवर बसवा, मूठ दिसते त्या फ्रेमवर नाही. आणि सगळ्या ठोशांना एकच आवाज चिकटवू नका. तेरा ठोशांना तेरा वेळा पोतं बडवा, तास-दीड तासाचं काम आहे. बहुतेक लोक फोनवर बघणार, आणि फोनचा स्पीकर खोल धप्प वाजवतच नाही. म्हणून चापटीचा थर जरा वर ठेवा आणि शेवटचं मिक्स फोनवरच ऐका.

कागद आणि गाव

ग्रामपंचायतीला पत्र, पोलीस ठाण्याला पत्र, दोन्हींची पोच घेतलेली प्रत खिशात. पोलीस पाटलांना तोंडी सांगाच. तारखा, वेळ, जागा, खोटी हत्यारं किती, हे पत्रात लिहा. आठवडी बाजाराच्या दिवशी शूटिंग ठेवू नका. जागेवर चारही बाजूंनी वाचता येईल असा फलक: "चित्रपटाचे शूटिंग सुरू आहे". बघे फोन काढणारच, आणि तुमच्या मारामारीची दहा सेकंदांची क्लिप "अमुक गावात भरदिवसा हल्ला" म्हणून फिरली तर निस्तरणं सोपं नसतं. फलक शक्य तितका बघ्यांच्या फ्रेममध्ये येईल असा लावा.

दौलताबाद, वेरूळ, अजिंठा, बीबी का मकबरा ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडची संरक्षित ठिकाणं आहेत. तिथे फिल्मच्या शूटिंगला आधी लेखी परवानगी लागते. तीन माणसांच्या मारामारीसाठी ती यातायात करण्यापेक्षा पडका वाडा शोधा. ड्रोन २५० ग्रॅमच्या वरचा असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक हवा, आणि ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावर, डिजिटल स्कायच्या नकाशावर, जागा हिरव्या पट्ट्यात आहे का ते बघा. चिकलठाणा आणि नांदेड विमानतळांच्या आसपास ती नसणार. हिरव्यातही उंची ४०० फुटांपर्यंतच.

बैल, घोडा, कुत्रं फ्रेममध्ये कामाला लावायचं असेल तर भारतीय पशुकल्याण मंडळाची शूटिंगआधी परवानगी घ्या. म्हणूनही ती घुंगरांची माळ खांबाला टांगलेली बरी.

फक्त यूट्यूबवर टाकणार असाल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागत नाही, पण रक्त जास्त असेल तर वयाची अट लागते आणि बघणारे घटतात. थिएटरात लावायची तर प्रमाणपत्र हवंच. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायची फिल्म) मध्ये ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन भाग झालेत. सुडाच्या फिल्मला किती रक्तावर कोणता भाग मिळेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून रक्ताच्या प्रत्येक शॉटचा एक बिनरक्ताचा टेक त्याच दिवशी, त्याच शर्टात, रक्त लावायच्या आधी काढून ठेवा. नंतर कट सुचवला गेला तर परत जाऊन काढू म्हणता येत नाही. तोवर फडातला ऊस कारखान्याला गेलेला असतो, आणि तो शॉट पुढच्या गळितालाच मिळतो.